दमेकऱ्याची खाट

मराठी मध्यमवर्गाच्या घरांत म्हाताऱ्या माणसांचा छळ होतो असें कोणी म्हटलें तर आपण रागावतों, आणि तो राग पुष्कळ अंशीं न्याय्यहि असतो. परंतु ज्या छळाविषयीं मी येथें लिहिणार आहें, तो प्रेमानें होतो, औषधपाण्याचा पुरता खर्च करून होतो, आणि ज्याचा छळ व्हावयाचा तो मनुष्यच आपणांस दुवा देत असतो. फुप्फुसाच्या जुनाट विकारानें ज्यांना म्हातारपणीं धाप लागते, अशा माणसांना आपण खाटेवर निजवून ठेवतों. त्यांना चालूं देत नाहीं, जिना उतरूं देत नाहीं, पाण्याचा तांब्या उचलूं देत नाहीं. आणि या बंदिवासाला आपण 'विश्रांति' हें गोड नांव देतों. माझें म्हणणें असें कीं, या विश्रांतीनें माणूस रोगाच्या आधीं खचतो. तिच्यावरील उतारा वैद्यकाला पन्नास वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे, तो स्वस्त आहे, आणि तरीहि तो आपल्या दाराशीं येत नाहीं. याचें खरें कारण पैशाच्या टंचाईंत शोधूं नये. परिचारिकेच्या कामाविषयीं आपण जी हलकी समजूत बाळगून आहों, तिच्यांत तें सांपडेल.

हें मी त्रयस्थपणें लिहीत नाहीं. माझ्या थोरल्या वहिनी सिन्नर तालुक्यांतील आमच्या खेड्यांत तीस वर्षें चुलीपुढें बसल्या. दादा नाशिक रोडच्या प्रेसमध्यें नोकरीला, आणि वहिनी मात्र सासू-सासऱ्यांसाठीं व शेताच्या देखरेखीसाठीं गांवीं. तंबाखूला त्यांनीं जन्मांत हात लावला नाहीं. परंतु धुराडें नसलेल्या स्वयंपाकघरांत गोवऱ्यांचा, तुराट्यांचा आणि ओलसर बाभळीचा धूर दोन्ही वेळां त्यांच्या छातींत जात राहिला. साठी उलटल्यावर त्या जेल रोडवरच्या आमच्या घरीं, दुसऱ्या मजल्यावर, राहावयास आल्या, तेव्हां जिना चढतांना तीनदां थांबत. पुढें एका हिवाळ्यांत धाप अतोनात वाढली, रुग्णालयांत आठ दिवस काढावे लागले, आणि परत येतांना हातांत जो कागद मिळाला त्यावर दोन इनहेलर, चार गोळ्या, आणि अगदीं तळाशीं 'पूर्ण विश्रांति' हे दोन शब्द होते.

घरांतील सर्व शिकलेल्या मंडळींनीं त्या दोन शब्दांचें वेदवाक्य केलें. आणि जन्मभर विद्यार्थ्यांना प्रत्येक वाक्याची शहानिशा करावयास सांगणारा मी त्यांत अग्रभागीं होतों. "वहिनी, तुम्ही उठूं नका, काय हवं तें सांगा," हें मीं दिवसांतून दहा वेळां म्हटलें असेल. "भावजी, देवघरापर्यंत तरी जाऊं द्या हो," असें त्या म्हणत. आम्ही देवच उचलून त्यांच्या खाटेजवळच्या फळीवर आणून ठेवले, आणि आपण मोठी सेवा केली असें मानलें. अडीच वर्षांत त्यांचे पाय वेळूसारखे झाले. प्रथम जिन्यावर लागणारी धाप मग न्हाणीघरापर्यंत जातांना लागूं लागली, आणि शेवटीं वेणी घालावयास हात वर केले तरी लागूं लागली. रोग वाढला, असें आम्ही म्हणत होतों. रोग किती वाढला आणि आम्हीं किती वाढविला, याचा हिशेब त्या वेळीं कोणींच केला नाहीं.

आतां या रोगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या बोलींत धाप लागणारा प्रत्येक मनुष्य 'दमेकरी'. परंतु वैद्यक यांत भेद करतें. खरा दमा, म्हणजे अस्थमा, येतो आणि ओसरतो. दुसरा विकार वर्षानुवर्षें हळूहळू वाढणारा. त्यांत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसाच्या बारीक पिशव्या झिजतात, आणि गेलेलें पुन्हां भरून येत नाहीं. त्याचें इंग्रजी नांव लांबलचक असल्यामुळें जग त्याला आद्याक्षरांनीं सी.ओ.पी.डी. म्हणतें. १९९० सालीं भारतांत याचे सुमारें २ कोटी ८१ लक्ष रुग्ण होते आणि २०१६ सालीं ते ५ कोटी ५३ लक्ष झाले, असा अंदाज २०१८ सालीं 'लॅन्सेट'च्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. जगाच्या लोकसंख्येंत आपला वाटा शेंकडा १८. परंतु श्वसनाच्या जुनाट रोगांनीं जगांत आयुष्याची जी हानि होते, तिच्यांत आपला वाटा शेंकडा ३२. ही बिडीचीच करणी, असें समजून न पिणाऱ्यांनीं स्वतःला सोंवळें मानूं नये. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट'मध्येंच दाखवून दिलें कीं, ज्यांनीं कधीं धूम्रपान केलें नाहीं अशांतहि या रोगाचें प्रमाण मोठें आहे. आणि त्याच्या कारणांत चुलीचा धूर, धुळींतलें काम व पूर्वीं होऊन गेलेला क्षय हीं ठळक आहेत. उज्ज्वला योजनेनें २०१६ पासून पुष्कळ घरांत गॅस आला, ही गोष्ट चांगली. पण ज्या बायकांच्या छातींत त्यापूर्वींचीं तीस वर्षें जमा आहेत, त्यांचें काय?

विश्रांतीची ही कल्पना आली कोठून, हेंहि पाहण्यासारखें आहे. ती निव्वळ अडाणीपणांतून आली नाहीं. क्षयावर औषध नव्हतें त्या काळीं मोकळी हवा, सकस अन्न आणि अंथरुणावरची विश्रांति एवढेंच वैद्याच्या हातीं होतें. डॉ. बिलिमोरियांनीं १९१२ सालीं पांचगणीस बेल-एअर काढलें. मिरजेस वान्लेस यांच्या नांवाचें क्षयरुग्णालय उभें राहिलें. आणि आमच्या शेजारच्या देवळालीस कोरड्या हवेंत महिना दोन महिने काढावयास मुंबईची मंडळी येत असत. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयाची चिकित्सा मुळापासून पालटली. परंतु 'छातीचा रोगी म्हणजे निजलेला रोगी' ही समजूत कोणीं पालटली नाहीं. ती क्षयाच्या खाटेवरून उठली आणि दमेकऱ्याच्या खाटेवर जाऊन बसली. तीव्र झटका आला असतां, ज्वर असतां, विश्रांति हवीच, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो झटका ओसरल्यावरच्या महिन्यांचा आणि वर्षांचा.

खाटेवर पडून राहण्यानें प्रत्यक्षांत काय होतें? न वापरलेला पाय क्षीण होतो, हें कोणासहि ठाऊक आहे. पण त्या पायाचा धापेशीं संबंध काय, हें आपण विचारांत घेत नाहीं. दुबळा स्नायु प्राणवायूचा उपयोग नीट करूं शकत नाहीं. थोड्याच श्रमांत त्यांत आम्ल सांचतें, आणि तें निस्तरण्यासाठीं शरीर अधिक श्वास मागूं लागतें. म्हणजे ज्या फुप्फुसाची ऐपत मुळांतच कमी, त्याच्यावर दुबळे पाय अधिक बोजा टाकतात. धाप लागते म्हणून माणूस चालत नाहीं. चालत नाहीं म्हणून पाय गळतात. पाय गळतात म्हणून पूर्वींपेक्षां लवकर धाप लागते. आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर त्याचें जग एकेका खोलीनें लहान होतें. शेवटीं उरते ती खाट. त्यांतच भीतीची भर पडते. श्वास कोंडण्याची भीति ही सर्व भीतींत आदिम होय. ती वाटूं लागली कीं श्वास उथळ आणि जलद होतो, आंतली हवा पुरती बाहेर पडत नाहीं, छाती फुगलेलीच राहते आणि नवी हवा घ्यावयास जागाच उरत नाहीं.

या चक्राला उलट फिरविण्याची जी विद्या आहे, तिला श्वसन-पुनर्वसन म्हणतात. ती आजकालची टूम नव्हे. अमेरिकेंतील डेन्व्हर येथील चार्ल्स डेनिसन यांनीं १८९५ सालींच फुप्फुसाच्या रोग्यांसाठीं व्यायाम आणि आहार यांवर पुस्तक लिहिलें होतें. त्याच गांवीं थॉमस पेटी या वैद्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह अशा रुग्णांच्या सर्वांगीण शुश्रूषेचा पहिला व्यवस्थित कार्यक्रम आंखला आणि त्याचा वृत्तांत १९६९ सालीं प्रसिद्ध केला. त्या निबंधावर पेटींच्या नांवाखालोखाल जें नांव आहे, तें लुईझ नेट या परिचारिकेचें आहे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों. कारण या विद्येच्या जन्मकाळींच परिचारिका तेथें सहकर्ती म्हणून उभी होती, वैद्याच्या मागें तबक घेऊन नव्हे.

या विद्येंत करावयाचें असतें तें काय? सुमारें तीस मीटर लांबीचा एक सरळ व्हरांडा लागतो. रुग्णाला त्यांत सहा मिनिटें आपल्या चालीनें चालावयास लावून तो किती अंतर गेला हें मोजतात. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर रक्तांतला प्राणवायु पाहतात. आणि 'धाप शून्यापासून दहापर्यंत किती लागली?' असें त्यालाच विचारतात. त्या मापावरून त्याचा व्यायाम ठरतो. मग सहा ते बारा आठवडे, आठवड्यांतून दोन-तीनदां, चालणें, खुर्चींतून उठणें-बसणें, हातांत हलकें वजन घेणें, आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. याखेरीज इनहेलर नीट ओढतां येतो कीं औषध टाळूवरच राहतें, कफ कसा काढावा, इन्फ्लुएंझाची आणि न्यूमोनियाची लस घेतली आहे कीं नाहीं, कफाचा रंग पालटला तर केव्हां डॉक्टरकडे जावयाचें, हें सारें शिकवावयाचें असतें. अंघोळ स्टुलावर बसून करावी, पोळ्या बसून लाटाव्या, ओझें उचलतांना श्वास सोडावा, धाप लागली तर पुढें वांकून कोपरें टेबलावर टेकावीं म्हणजे खांद्याचे स्नायु श्वासाला मदत करतात, अशा शंभर बारीक गोष्टी त्यांत आहेत. छातींत कळ आली, भोवळ आली, ओठ निळे पडूं लागले तर तत्क्षणीं थांबावयाचें, हेंहि त्यांतच आलें. आणि हें ओळखणारा शिकलेला डोळा जवळ असावा लागतो.

याचा गुण किती, हा प्रश्न आतां वादाचा राहिलेला नाहीं. २०१५ सालीं कॉक्रेन या संस्थेनें ६५ प्रयोगांतील ३,८२२ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. चालण्याची शक्ति, धाप आणि एकंदर जगण्याची प्रत या तिन्ही बाबतींत लाभ इतका स्पष्ट दिसला कीं, 'पुनर्वसन द्यावें कीं न द्यावें' हें ठरविण्यासाठीं आणखी प्रयोग करण्याची गरज नाहीं, असा निर्वाळा देऊन तो विषय बंद करण्यांत आला. वैद्यकांत असें क्वचितच होतें. आणि येथें एक नवल सांगितलें पाहिजे: या उपायानें फुप्फुस सुधारत नाहीं. झिजलेलें झिजलेलेंच राहतें. फुंकर मारून जें माप घेतात, त्याचा आंकडा जवळजवळ तोच येतो. सुधारतात ते पाय, सुधारतें तें श्वासाचें वळण, आणि जाते ती भीति. तेवढ्यानें माणूस खाटेवरून उठतो.

येवढें असून हा उपाय कोणाला मिळतो? श्रीमंत अमेरिकेचीच गोष्ट घ्या. या रोगानें २०१४ सालीं रुग्णालयांत राहून आलेल्या तेथील १,९७,३७६ वृद्धांची पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. घरीं गेल्यावर नव्वद दिवसांच्या आंत पुनर्वसन सुरू केलेले त्यांत होते २,७२१, म्हणजे शेंकडा दीड. वर्षभरांत या दीड टक्क्यांतले शेंकडा ७.३ मरण पावले. इतरांतले शेंकडा १९.६. जे चालावयास गेले ते मुळांत थोडे धडधाकट असतील, हा आक्षेप योग्य आहे. परंतु संशोधकांनीं वय, इतर रोग वगैरेंची वजावट करूनहि मोठें अंतर शिल्लक राहिलें. तात्पर्य, हा पैशाचा प्रश्न असता तर अमेरिकेंत सुटला असता. ज्या उपायांत बाटली नाहीं, यंत्र नाहीं, विकावयास कांहींच नाहीं, त्या उपायाला कोठेंच वाली मिळत नाहीं, हा खरा रोग आहे.

आतां आमच्याकडील सुशिक्षितांचे आक्षेप पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं, इतकीं चांगलीं औषधें निघालीं असतां हा चालण्याचा खटाटोप कशाला? औषधें हवींच, इनहेलर टाकून चालावयास निघा, असें कोणीहि शहाणा सांगणार नाहीं. परंतु औषध श्वासनलिका थोडी मोकळी करतें. अडीच वर्षें निजलेल्या मांडीला तें कांहींहि करूं शकत नाहीं.

दुसरा आक्षेप प्राणवायूचा. २०२१ सालच्या साथीनें हा शब्द घरोघर पोंचविला, आणि नाशिककरांना तर तो रक्तानें लिहून दिला. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण गेले. तेव्हांपासून प्राणवायूचें यंत्र घरांत असणें हें सुस्थितीचें व मायेचें लक्षण झालें आहे. पण १९८० आणि १९८१ सालच्या ज्या दोन प्रसिद्ध प्रयोगांवर घरगुती प्राणवायूची सारी इमारत उभी आहे, ते सांगतात कीं, ज्यांच्या रक्तांत प्राणवायु फारच उतरला आहे अशांना तो रोज पंधरा तास किंवा अधिक दिला तर आयुष्य वाढतें. २०१६ सालच्या मोठ्या प्रयोगांत, ज्यांची घसरण मध्यम आहे त्यांना त्याचा तसा लाभ आढळला नाहीं. मापल्यावांचून लावलेली नळी ही पुष्कळ वेळां रोग्याला खाटेशीं बांधणारी दोरीच होते.

तिसरा आक्षेप अभिमानाचा: आमच्याकडे प्राणायाम असतां ही परकी विद्या कशाला? प्राणायामाविषयीं मला आदर आहे, आणि सावकाश, दीर्घ रेचकाचें महत्त्व आपल्या पूर्वजांनीं जाणलें होतें हेंहि खरें. परंतु फुगलेल्या छातीच्या वृद्धाला गर्दीच्या वर्गांत बसवून कुंभक करावयास लावणें किंवा जलद भस्त्रिका शिकविणें म्हणजे ज्याला श्वास सोडतां येत नाहीं त्याला तो कोंडावयास सांगणें होय. शिवाय एका आसनावर बसून केलेला कोणताहि श्वासाभ्यास पायांना चालवीत नाहीं. आपल्या परंपरेला याहून जवळचा दाखला हवा असेल तर तो वारीचा घ्या: तेथें श्वास आणि पाऊल एकत्रच चालतात.

चौथा आक्षेप दारिद्र्याचा. त्याला उत्तर म्हणून मी वरचीच यादी पुन्हां वाचावयास सांगतों. एक व्हरांडा, एक खुर्ची, एक घड्याळ, एक ऑक्सिमीटर, वाळूनें भरलेल्या दोन बाटल्या. लेस्टर विद्यापीठाच्या पुढाकारानें युगांडा, किरगिझस्तान, श्रीलंका आणि भारत येथें हें काम स्थानिक परिस्थितींत बसवून पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. युगांडाला जें परवडावें असें वाटतें, तें नाशिकला परवडत नाहीं असें म्हणणें शोभत नाहीं.

पांचवा आक्षेप सर्वांत सूक्ष्म, आणि माझ्या मतें सर्वांत दोषी: हें काम परिचारिकेचें नव्हे. डॉक्टर म्हणतात, तिला वेळ नाहीं. व्यवस्थापक म्हणतात, तिची संख्या पुरत नाहीं. आणि आपण नातेवाईक म्हणतों, तिला काय कळतें? फिजिओथेरपिस्टचें ज्ञान येथें मोलाचें आहे, आणि जेथें तो आहे तेथें त्यानेंच व्यायाम आंखावा. परंतु रोग्यापाशीं रात्रंदिवस कोण असतें? तो कोणत्या कुशीवर निजतो, जेवतांना त्याला धाप लागते कीं नाहीं, इनहेलर तो उलटा धरतो कीं सुलटा, सून आल्यावर तो धीट होतो कीं भितो, हें कोणाच्या डोळ्यांसमोर घडतें? निरीक्षण, शिकवण आणि धीर या तीन गोष्टींनीं हें पुनर्वसन बनलें आहे, आणि या तीन गोष्टी म्हणजेच शुश्रूषा. तिला आपण सुई टोंचणें, चादर बदलणें आणि नोंदवहीचे रकाने भरणें एवढ्यापुरती करून ठेवली, हा तिचा अपराध नव्हे.

वाचकांना आठवत असेल कीं, १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदन काढून पुढें मराठी स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण देवविलें, त्या वेळीं भल्या घरच्या बायकांनीं हें काम करावें काय, या प्रश्नावर आपल्या समाजानें नाकें मुरडलीं होतीं. आज नाक मुरडण्याची रीत बदलली आहे. परिचारिकेला आपण 'सिस्टर' म्हणतों, साथींत तिच्यासाठीं टाळ्या वाजवितों, तिच्यावर लेख लिहितों, परंतु तिनें रोग्याला कांहीं शिकविण्यासाठीं वीस मिनिटें बसावें, एवढा अवकाश तिच्या पाळींत ठेवीत नाहीं, आणि ती बोलूं लागली तर "डॉक्टर कधीं येणार?" असें विचारून तिचें बोलणें तोडतों. ज्याच्या हातांत चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार त्याचेंच तें ज्ञान, बाकीची ती हमाली, ही आपली जुनी जातिव्यवस्था रुग्णालयाच्या पांढऱ्या भिंतींत सुखानें नांदत आहे.

हें मीं स्वतः केलें, म्हणून अधिकारानें लिहितों. वहिनींना तिसऱ्यांदा रुग्णालयांत न्यावें लागलें, तेव्हां पहांटेच्या सुमारास एक तरुण परिचारिका स्टूल घेऊन त्यांच्यापुढें बसली. "आजी, फुलाचा वास घ्यावा तसा नाकानं आंत घ्या, आणि समईची ज्योत हलेल पण विझणार नाहीं अशी फुंकर बाहेर सोडा," असें तिनें सांगितलें. ओठ मिटत आणून सोडलेल्या त्या लांब श्वासानें आंतल्या कोंवळ्या नळ्या मिटत नाहींत आणि कोंडलेली हवा बाहेर पडते, हें शास्त्र मीं पुढें वाचलें. पण वहिनींचा चेहरा निवळलेला त्याच वेळीं पाहिला. दुसऱ्या दिवशीं ती त्यांना दारापर्यंत चालवूं लागली. मी मध्यें पडलों. "अहो सिस्टर, त्यांना धाप लागते, चालवूं नका." ती म्हणाली, "सर, धाप लागते म्हणूनच चालवायचं. किती लागली म्हणजे थांबायचं, तें मी शिकवतें." तिनें एका कागदाच्या पाठीमागें तीन रकाने आंखून दिले: दिवस, मिनिटें, धाप. तो कागद वहिनींनीं देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याखालीं ठेवला. आठवड्यानें मी तिचे आभार मानावयास गेलों तर तिची पाळी दुसरीकडे लागली होती, आणि तिनें जें केलें तें तिच्या कामाच्या कोणत्याच रकान्यांत बसत नव्हतें.

पहिल्या दिवशीं बारा पावलें. दोन महिन्यांनीं वहिनी जिना उतरून खालीं आल्या आणि भाजीवाल्याशीं स्वतः घासाघीस करूं लागल्या. पुढें एका सोमवारीं रिक्षानें मुक्तिधामाला जाऊन, दोनदां थांबत, त्या सारें देऊळ आपल्या पायांनीं फिरल्या. पांच महिने असे गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यांत न्यूमोनियानें त्यांना नेलें. पुनर्वसनानें माणूस अमर होत नाहीं, आणि तसें कोणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये. परंतु ते पांच महिने आणि त्याआधींचीं अडीच वर्षें हीं मी एकाशेजारीं एक ठेवून पाहतों, तेव्हां त्या अडीच वर्षांचा जाब मला देतां येत नाहीं. तीं रोगानें घेतलीं नव्हतीं. तीं आम्हीं काढून घेतलीं.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाहीं. सर्व राज्याचें आरोग्य-विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकांतच आहे; या रोगाचें नांव राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमांत आतां दाखल झालें आहे; खेडोपाडीं आरोग्य मंदिरें आणि तेथें समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. म्हणजे गृह आहे, पाटी आहे, माणूस आहे. नाहीं तें काम. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयांत निदान एका परिचारिकेला या विद्येचें शिक्षण द्यावें, तिच्या पाळींतले तास या कामासाठीं राखून ठेवावे आणि त्या कामाची नोंद तिच्या नांवावर व्हावी. धापेच्या रोग्याला घरीं सोडतांना 'पूर्ण विश्रांति' ऐवजीं तिच्या वर्गाचा वार आणि वेळ कागदावर लिहावी. ज्यांना येववत नाहीं, त्यांच्या घरीं तिनें पंधरवड्यांतून एकदां जावें.

आणि वाचकांनीं काय करावें? आपल्या जवळच्या रुग्णालयांत जाऊन एवढेंच विचारावें: "आमच्या म्हाताऱ्या माणसाला चालावयास शिकविणारी परिचारिका येथें कोण आहे?" उत्तर मिळणार नाहीं तेथें पुढच्या महिन्यांत पुन्हां विचारावें. विचारणारा एक असला तर तो तऱ्हेवाईक ठरतो. दहा असले तर कार्यालयांत कागद हलतो. तोंवर घरांत, डॉक्टरांना विचारून आणि माणूस सोबत देऊन, खाटेवरचें आपलें माणूस देवघरापर्यंत जाऊं म्हणेल तेव्हां देव उचलून त्याच्याकडे आणूं नयेत. त्याला हात द्यावा, आणि त्याच्या चालीनें, त्याच्या श्वासानें, देवघरापर्यंत जाऊं द्यावें.